नाल्यापलीकडची वाटी

लहान मुलांना जेवू घालणं ही नोकरी असू शकते, हे माझ्या भावाला अजून पटलेलं नाही. माहेरी गेले की तो विचारतोच, "म्हणजे तू दिवसभर करतं काय? पोट्टे खातात, तू पाह्यतं." मी हसून सोडून देते. तसं पाहिलं तर तो चूक बोलत नाही. पोरं खातात आणि मी पाहते. फक्त ती खात नाहीत तेव्हाही मला पाहावंच लागतं, आणि तेव्हा पाहणं फार जड जातं.

मी अंगणवाडी सेविका आहे. फुलसावंगीच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावात अंगणवाड्या दोन. एक माझी, शाळेच्या कुंपणाला लागून. दुसरी नाल्यापलीकडे, बंजारा तांड्यात. या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मी बोलणारी बाई नाही. मीटिंगमध्येही मागच्या सतरंजीवर बसते. पण एक गोष्ट बरेच दिवस घशात अडकून आहे. ती लिहिली तर कदाचित गिळता येईल.

आधी काम सांगते. तीन ते सहा वर्षांची मुलं सकाळी येतात. गाणी होतात, रंग होतात, मग गरम जेवण. खिचडी, उसळ, कधी लापशी. माझी मदतनीस सुमनबाई शिजवते, मी वाढते. महिन्याला वजन घ्यायचं, दंडाला पट्टी लावून घेर पाहायचा. पट्टीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग असतात. मूल हिरव्यात असलं की सेविका सुखात. पिवळ्यात गेलं की झोप कमी. लालमध्ये गेलं की जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती करावं लागतं, आणि आई मजुरी सोडून तिथे खाटेशी बसते.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एकेक नग. सोहम नावाचा एक होता, तो स्वतःच्या ताटातलं कधी खायचा नाही, शेजारच्याच्या ताटातलं खायचा. मी त्याला त्याच्याचसारख्या एका चोरासमोर बसवला. दोघं एकमेकांचं चोरून खायचे आणि दोन्ही ताटं रिकामी व्हायची. एक पिंकी होती. ती गाल भरून घ्यायची, तसेच गाल घेऊन घरी जायची आणि अंगणात कोंबड्यांपुढे थुंकायची. तिची आजी मला म्हणायची, "बाई, तुमचं अन्न लय चांगलं आहे, कोंबड्या कशा टुमटुमीत झाल्या!"

आता माझ्या ताटाविषयी. मी ताट भरून वाढायचे. नुसतं भरून नाही, ढीग घालायचे. त्याला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला एकदा जेवणाच्या वेळी एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. मुलांच्या ताटांकडे पाहून म्हणाले, "बाई, सरकार एवढंच देते का? का बाकीचं कुठं दुसरीकडं जाते?" अंगणवाडीच्या बाया धान्य घरी नेतात, हा संशय गावोगाव असतो. मला ते इतकं लागलं की दुसऱ्या दिवसापासून मी मोठा डाव घेतला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातून दिसेल असा ढीग. तीन वर्षांचं लेकरू मांडी घालून बसलं की खिचडीचा डोंगर त्याच्या छातीला लागायचा. वर गार होऊन साय धरल्यासारखा पापुद्रा यायचा. मुलं तो बोटाने उचलून बघायची. मी वरून म्हणत राहायचे, "संपव. संपवलं का? संपव पाहू."

लहान मुलाचं पोट त्याच्या स्वतःच्या मुठीएवढं असतं, थोडं थोडं वाढावं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. मी स्वतः हे आयांच्या बैठकीत सांगायचे, मूठ वळून दाखवायचे. बैठक संपली की स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन मोठा डाव उचलायचे. मी मुलांसाठी वाढत नव्हते. दारातल्या त्या माणसासाठी वाढत होते. तो माणूस केव्हाच मरून गेला, तरी मी त्याच्यासाठी वाढत होते.

अर्धी ताटं तशीच राहायची. सुमनबाई ती एका घमेल्यात काढायची आणि शाळेमागे बांधलेल्या म्हशीपुढे ठेवायची. सगळीकडे असंच होत असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

मग तांड्यातल्या अंगणवाडीवर कविता राठोड आली.

माझ्यापेक्षा बरीच लहान. जीभ तिखट, आवाज मोठा, हातात मोबाईल. आमच्या सेविकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती रोज दुपारी एक फोटो टाकायला लागली. रिकाम्या वाट्या, ओळीने मांडलेल्या, चाटूनपुसून लख्ख. खाली काही लिहायची नाही. फक्त वाट्या. पर्यवेक्षिका मॅडम त्याला अंगठा द्यायच्या. हळूहळू बाकीच्याही द्यायला लागल्या. मी कधी दिला नाही. दुपार झाली की मोबाईल वाजायचा आणि मी हातातलं काम टाकून त्या वाट्या मोजायचे. नवऱ्याने दुसरं घर केलेल्या बाईला कसं वाटत असेल ते मला त्या वाट्यांवरून कळलं. हसू नका. मला खरंच तसं वाटायचं.

ती अन्न कमी शिजवत असणार, अशी मी मनाची खात्री करून घेतली. कमी शिजवलं तर वाट्या रिकाम्या होणारच. मग एक दिवस वजनकाट्याचं निमित्त काढून बरोबर जेवणाच्या वेळी तांड्यात गेले.

पातेलं माझ्या पातेल्याएवढंच होतं, आणि काठोकाठ भरलेलं. मला वाईट वाटलं. ती चोर निघाली असती तर मी त्या दिवशी गोड जेवले असते.

मुलांपुढे ताटं नव्हती, छोट्या स्टीलच्या वाट्या होत्या. कविता प्रत्येकाच्या वाटीत लहान चमच्याने इतकंसं घालत होती. मधोमध गाजराचा एक तुकडा खोचलेला. मुलं आधी गाजर उपटायची, मग आजूबाजूची खिचडी खायची. वाटी रिकामी झाली की हात वर. "याडी, अजून!" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तांड्यातली मुलं तिला याडी म्हणत. ती मुद्दाम बहिरी व्हायची. "कोण बोललं? उंदीर बोलला का?" मग सगळी ओरडायची, "मी! मी!" तेव्हा कुठे दुसरा चमचा. संपव असं ती कुणालाच म्हणाली नाही. एका पोराने दोन घास खाऊन वाटी सरकवली, तर तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने तोच वाटी घेऊन परत आला.

"काय ताई," ती मला म्हणाली, "काटा न्याले आल्या का आमचं पातेलं मोजाले?"

"काटाच पाहिजे," मी म्हटलं.

"न्या ना. बसा, खिचडी खा थोडी."

"माझं जेवण झालं."

झालं नव्हतं. मी तांड्यात कधी काही खाल्लं नव्हतं. आमच्या घरी तशी रीत नव्हती आणि त्याबद्दल आमच्या घरी कुणी कधी बोललंही नव्हतं. मी काटा उचलला आणि निघाले. माझ्याकडेही वाट्या होत्या, फडताळात पडून होत्या. त्याच दिवशी काढता आल्या असत्या. पण मग मी तिची नक्कल केली असं झालं असतं.

इथे आरू येते. आरोही तिचं नाव, चार वर्षांची, माझ्या अंगणवाडीतली. बाप ट्रकवर असायचा, आई मंदा कापूस वेचायला जायची, घरात राज्य आजीचं. गिरजाबाई त्यांचं नाव. आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. आरू माझं पिवळ्यातलं मूल. डोळे मोठे, दंड काडीसारखे. ताटापुढे बसली की ढिगाकडे पाहत राहायची. पुढे पुढे तर ताट दिसलं तरी मान फिरवायची.

वेचणीच्या दिवसांत तिचं वजन अचानक वाढलं. मी काटा दोनदा पाहिला. पुढच्या महिन्यात पुन्हा वाढ. पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या, "ताई, छान काम." मी मान खाली घालून ते घेतलं. त्याच दिवशी भांडी घासता घासता सुमनबाई म्हणाली, "बाई, तुमाले सांगू का नोको, असं होऊन राह्यलं."

"काय?"

"आरू तांड्यात जेवून राह्यली. तांड्यातल्या राठोडाची पोरगी शाळेच्या नळावर येते न, तिच्यासंग पान्याले जातो म्हणते अन् नाला उतरून जाते. आपलं जेवण झालं की येते वापस."

हजेरी माझ्याकडे आणि जेवण कविताकडे. वाढायच्या गडबडीत आरूची रिकामी जागा माझ्या लक्षातच आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या कोपऱ्याशी उभी राहून पाहिलं. नाला कोरडा होता. आरू दगडांवरून उड्या मारत गेली. ही पोरगी माझ्या अंगणात कधी पळाली नव्हती. पलीकडच्या काठावरून तिचा आवाज आला, "याडी!"

ते मूल खात होतं, वाढत होतं. माझ्या नोकरीचा सगळा अर्थच तो. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि मला रडू आलं ते दुसऱ्याच कारणाने. इतकी वर्षं मुलांची नाकं पुसली, शी धुतली. मला कुणी आई म्हटलं नव्हतं.

मी कविताशी भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. संक्रांतीला गिरजाबाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. पाच-पंचवीस बाया, वाणाच्या प्लास्टिकच्या डब्या, तिळाचे लाडू. आरू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गिरजाबाई सगळ्यांना सांगत होत्या, "नात आता जेवाले लागली बरं का. बाईनं लय लक्ष घातलं." सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या.

मी म्हटलं, "माझं कसलं श्रेय मावशी. आरू तर रोज तांड्यातच जेवते."

एवढंच. आवाज चढवला नाही. खोटंही काही बोलले नाही. वर हसले. पण त्या घरात, त्या बायांपुढे हे वाक्य टाकलं की काय होईल हे मला चांगलं माहीत होतं. लाडू खाता खाता दोघी-तिघी थांबल्या. एक म्हणाली, "तांड्यात? बाप्पा!" गिरजाबाईंचा चेहरा उतरला. त्या दाराशी गेल्या आणि आरूच्या पाठीत धपाटा बसल्याचा आवाज आला. "काय वं, घरी खायाले नाई का तुले?" मी पदराला वाण बांधून घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून गिरजाबाई स्वतः आरूला आणून सोडायला लागल्या आणि जेवण होईपर्यंत दारात बसायला लागल्या. म्हणजे दारात पुन्हा कुणीतरी आलंच. मी ढीग घातला. आरूने त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले. आजी वरून, मी वरून. "खा. खा म्हटलं न. कायले तोंड शिवून बसली?" ती रडायची नाही. रडली असती तर तोंड तरी उघडलं असतं.

आठ-पंधरा दिवसांनी मी फडताळातल्या वाट्या काढल्या. लहान चमचा घेतला, गाजर खोचलं. बाकीची मुलं खूश झाली, हात वर करून मागायला लागली. घमेलं रिकामं राहायला लागलं, सुमनबाई म्हणाली, "म्हैस नाराज झाली, बाई." पण आरूने ती वाटीही उलटी करून ठेवली. तिला कळलं होतं, धपाटा कुणामुळे बसला ते. मोठ्यांना वाटतं चार वर्षांच्या मुलांना काही समजत नाही.

होळीच्या आधी मी तिच्या दंडाला पट्टी लावली आणि बाण लाल रंगाच्या काठाशी थांबला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आठवडाभर बघू. खायला लागली तर ठीक, नाहीतर यवतमाळला भरती." मंदा तिथेच भिंतीला टेकून बसली. "बाई, तिले काय झालं? तुमच्याकडं तं खात होती न थे?" ती संक्रांतीला घरी नव्हती, वेचणीला गेलेली होती. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि गिरजाबाईंनीही लाजेने सांगितलं नसावं. मी बाहेर आले आणि तशीच तांड्यात गेले.

कविता दारातच धान्य निवडत बसली होती. मी तिला म्हटलं, आरू खात नाही, तू माझ्याकडे येऊन भरव. एकदाच ये.

तिने सूप खाली ठेवलं. "मी कायले येऊ? माह्या हातात काय जादू आहे का? थे इथं खात होती. तुम्हीच तोडलं नं ताई?"

मी सुपातल्या धान्याकडे पाहिलं.

"मले सगळं समजते. हळदीकुंकवाची गोष्ट तांड्यात थ्याच दिवशी आलती. माह्या हातचं अन्न बाटलं असं नाई म्हटलं तुम्ही. पन म्हनवून घेतलं दुसऱ्याकडून."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"मले कायले सांगता? तिच्या आजीले सांगा." आणि पुन्हा सूप उचललं. मग मान वर न करता म्हणाली, "पोरगी इथं आली तं मी वाढीन. माह्या वाट्या कुठी गेल्या नाई."

गिरजाबाईंकडे जाऊन बोलणं मला सगळ्यात कठीण गेलं. मंदा चुलीपुढे होती, आरू तिच्या मांडीवर. मी उभ्यानेच सांगितलं. म्हटलं, मावशी, संक्रांतीला मी ते मुद्दाम बोलले. आरू तिच्याकडे जेवते हे मला सहन झालं नाही. मी जळले. मंदा माझ्याकडे नुसती पाहत राहिली. ती नजर अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हटलं, तिला उद्यापासून नाल्यापलीकडे जाऊ द्या.

गिरजाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "तू जेवली का वं तांड्यात कदी?"

"नाही."

"मंग? तू सोता नाई खात अन् माह्या नातीले धाडतं? पयले तू खाय. मी पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी नाला उतरलो. पुढे मंदाच्या कडेवर आरू, मागे मी, सगळ्यात मागे गिरजाबाई. शाळेसमोरच्या पारावर बसलेल्यांनी पाहिलं. पाहू दे म्हटलं. कविताने आम्हाला पाहून काही विचारलं नाही. गिरजाबाई दाराबाहेर सावलीत बसल्या, आत आल्या नाहीत. मी मुलांच्या ओळीत मांडी घातली. गुडघे दुखले. मंदाने आरूला माझ्या शेजारी बसवलं, ती सरकून पलीकडे तिच्या मैत्रिणीला, राठोडांच्या मुलीला, चिकटली.

कविताने माझ्यापुढे वाटी ठेवली. तीच, मुलांची. त्यात एक लहान चमचा खिचडी आणि मधोमध गाजराचा तुकडा. सगळी ओळ माझ्याकडे पाहत होती. मी गाजर खाल्लं. खिचडी खाल्ली. हिंगाची फोडणी होती, आणि खरं सांगते, चांगली होती. सकाळपासून मी पाण्याशिवाय काही घेतलेलं नव्हतं. दोन घासांत वाटी रिकामी झाली आणि मी तशीच बसून राहिले. कविता माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या मुलांना वाढत होती. मुद्दाम. तिलाही तेवढा हक्क होता.

मोठ्या माणसाला मागता येत नाही. त्या ओळीत बसल्यावर कळलं, मी इतकी वर्षं मुलांना मागूच दिलं नव्हतं. भूक लागण्याआधीच त्यांच्यापुढे डोंगर. मी हात वर केला.

"अजून," मी म्हटलं.

"कोण बोललं?" कविता वळली नाही. "उंदीर बोलला का?"

मुलं खिदळली. बाहेरून गिरजाबाईंचं हसू ऐकू आलं. ते त्यांनी लगेच पदरात दाबलं. आणि आरूने, जिने इतके दिवस माझ्याशी एक शब्द उच्चारला नव्हता, माझ्या वाटीत वाकून पाहिलं. मग स्वतःच्या वाटीकडे पाहिलं. तिची अजून भरलेली होती. मी तिच्या पुढे चालले होते हे तिला आवडलं नाही. तिने गाजर उपटून तोंडात टाकलं आणि भराभर खायला लागली, एक डोळा माझ्या वाटीवर ठेवून.

आरूला यवतमाळला न्यावं लागलं नाही. अजूनही ती रोज नाल्यापलीकडेच जेवते. पर्यवेक्षिका मॅडमना मी सगळं सांगितलं, त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, असं चालत नाही, आणि मग चालू दिलं. पाणी आलं की मी स्वतः तिचा हात धरून नाला ओलांडून देते. पलीकडे पोचलो की ती माझा हात सोडून पळते. दर वेळी माझ्या छातीत तेच बारीकसं काहीतरी टोचतं. ते गेलेलं नाही, जाईल असंही वाटत नाही. मी फक्त एवढं शिकले आहे की ते टोचत असताना तोंड बंद ठेवायचं, आणि तिचं जेवण होईपर्यंत काठावर थांबायचं.